पिओनी फुलत नाही? आधी सांगा, कळी केवढी झाली होती

मे संपत आला की मला पिओनीचे, म्हणजे थंड हवेतल्या मोठ्या, कमळासारख्या फुलांच्या झुडपाचे, फोटो यायला लागतात. कमरेएवढं डेरेदार झुडूप, पानांवर तुकतुकी आणि फुलाचा पत्ता नाही. फोटोखाली ठरलेली ओळ: 'यंदाही नाही. कुठलं खत घालू?'

खत घालू नका. आधी एवढंच सांगा, कळी केवढी झाली होती?

'पिओनी फुलत नाही' या एका वाक्यात तीन-चार वेगवेगळी दुखणी लपलेली असतात. कळी धरलीच नाही, हे एक. वाटाण्याएवढी होऊन काळी पडली, हे दुसरं. लिंबाएवढी झाली, रंगही दिसायला लागला आणि तिथंच थिजली, हे तिसरं. डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'बरं वाटत नाही' म्हटलं तर तो काय करणार? पोट दुखतंय की डोकं, ते सांगावं लागतं. म्हणून मे महिन्यात दर दोन-तीन दिवसांनी झुडपाशी जा, कळ्या बघा, फोनवर फोटो काढून ठेवा. जूनमध्ये नुसती पानं पाहून केलेलं निदान म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

मी मिशिगनमध्ये अ‍ॅन आर्बरजवळ राहते. हिवाळ्यात जमीन दगडासारखी होते, एप्रिलात लालसर कोंब वर येतात आणि मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत फुलं असतात. शिकागो, टोरांटो, न्यू जर्सी इकडच्या मंडळींना पुढचं सगळं आठवड्या-दोन आठवड्यांच्या फरकानं लागू पडेल. पुण्या-नाशकाहून विचारणाऱ्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलंय, पण ते वाचून तुम्ही खूश होणार नाही.

कळीच धरत नाही

सगळ्यात जास्त तक्रार हीच, आणि माझीही हीच होती.

आम्ही घर घेतलं तेव्हा दक्षिणेच्या भिंतीलगत पिओनीची तीन झुडपं आयती मिळाली. पहिल्याच जूनमध्ये ती अशी फुलली की मी सांगलीला आईला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, 'अगं, झुडपाला कमळं लागलीत की!' मग मी सेवेला लागले. दर वसंतात बुंध्याशी दोन इंच लाकडी मल्च (मातीवर पसरायच्या लाकडाच्या कपच्या), घरचं कंपोस्ट, चहाचा चोथा, केळ्याची सालं. पुढच्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी आली. हळद आणि ऊस बघत वाढलेली बाई. तिनं झुडपं पाहिली आणि म्हणाली, 'यांना भर नको का घालायला?' खुरपं घेऊन चारी बाजूंनी माती ओढली, बुंध्याशी सुबक वरंबा केला. हळदीला भर घालतात, आल्याला घालतात, उसाला घालतात. बेणं उघडं पडू द्यायचं नाही हे तिच्या हातातच बसलंय. मलाही ते रूप आवडलं. मग दरवर्षी मीच तसं करू लागले.

त्यानंतर फुलं कमी होत गेली. एका वर्षी तिन्ही झुडपांवर मिळून नऊ, मग दोन, मग शून्य. पानं मात्र दरवर्षी आधीपेक्षा जोमदार. मी बोनमील, म्हणजे हाडांचं खत घातलं, काही नाही. मग ठरवून टाकलं की झाडं म्हातारी झाली.

हा समज आधी काढून टाका. पिओनी अशी दहा-पंधरा वर्षांत म्हातारी होत नाही. नीट जागी लावलेलं झुडूप लावणाऱ्यापेक्षा जास्त जगतं; पन्नास वर्षं म्हणजे काही विशेष नाही. अ‍ॅन आर्बरला विद्यापीठाच्या निकल्स आर्बोरेटममध्ये (वृक्षउद्यानात) पिओनीची बाग आहे. कलमझूच्या डब्ल्यू. ई. अपजॉन या औषध कारखानदारानं १९२२ मध्ये आपल्या संग्रहातली झाडं देऊ केली, १९२७ मध्ये बाग लोकांना खुली झाली आणि ती अजून दर जूनमध्ये गर्दी खेचते. तिथल्या जाती बहुतेक जुन्याच आहेत. 'फेस्टिव्हा मॅक्सिमा' ही पांढरी, मध्ये लाल शिंतोडे असलेली जात फ्रान्समध्ये १८५१ मध्ये आली; म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडी धावायच्या दोन वर्षं आधी. आजही ती नर्सरीत मिळते आणि आजही तितकीच फुलते.

तर कोडं सोडवलं शेजारच्या आजींनी. ऐंशीच्या पुढच्या, बागेत हातमोजे न घालणाऱ्या. मी रडगाणं सांगितल्यावर काही न बोलता वाकल्या आणि बुंध्यालगत बोट मातीत घातलं. एक पेर गेलं, दुसरं गेलं, आख्खं बोट गेलं. 'अजून खालीच आहे,' म्हणाल्या आणि हसल्या. मग आम्ही दोघींनी हातानं माती उकरली. डोळे साडेचार इंच खाली होते.

डोळा म्हणजे उसाच्या कांडीवर असतो तसाच, गड्ड्यावरचा गुलाबी टोकाचा फुगवटा. पुढच्या वर्षीचा कोंब त्यातून येतो. हा डोळा जमिनीखाली एक ते दोन पेरं असावा, म्हणजे एक ते दोन इंच. त्याहून खोल गेला की कोंब येतो, पानं येतात, झुडूप सुखात दिसतं, पण कळी धरत नाही. तुमच्याकडे हिवाळा सौम्य असेल, जॉर्जिया-कॅरोलायनासारखा, तर एकच पेर किंवा त्याहूनही कमी. माती भरणं, मल्च टाकणं, कंपोस्ट ओतणं या सगळ्यानं झाड न हलता खोल जात राहतं. आपण महाराष्ट्रातून जी माया हातात घेऊन आलो, तीच इथं आड येते.

तपासायचं कसं: एप्रिलमध्ये कोंब नुकते दिसू लागले की, किंवा पानं गेल्यावर शरदात. हत्यार एकच, बोट. खुरपं, फावडं काही नको, कारण कोंब कोवळ्या काकडीसारखे कडकन मोडतात आणि मोडलेला कोंब त्या वर्षी परत येत नाही.

डोळे खोल सापडले आणि वरचा थर तुम्हीच चढवलेला असेल तर काम सोपं. बुंध्याभोवती दीड फुटाच्या घेरातली जादा माती आणि मल्च हातानं बाजूला ओढा. तेवढंच. माझी दोन झुडपं एवढ्यावरच बरी झाली. पुढच्या जूनला पाच फुलं, त्याच्या पुढच्या वर्षी वीसेक. मल्च घालायचंच असेल तर झुडपाभोवती कडं करून घाला, बुंधा मोकळा.

मुळातच खोल लावलेलं असेल तर मात्र उपटून परत लावावं लागतं, आणि ते वसंतात करू नका. माझ्यापुरतं कॅलेंडर असं आहे: गणपती विसर्जन झालं की सुरुवात, दसऱ्यापर्यंत काम संपलं पाहिजे. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर, जमीन गोठायच्या आधी नव्या मुळ्या फुटायला पाच-सहा आठवडे मिळतात. दांडे कापून टाका. बुंध्यापासून फूटभर लांबून गोल खणा. मुळ्या रताळ्यासारख्या जाड आणि ठिसूळ असतात, त्या ओढायच्या नाहीत, खालून उचलायच्या. माती धुऊन काढा, गड्डा दोन-तीन तास सावलीत ठेवा, म्हणजे मुळ्या जरा नरम पडतात आणि कापताना तुटत नाहीत. धारदार सुरीनं असे तुकडे करा की प्रत्येकाला तीन ते पाच डोळे आणि बऱ्यापैकी मुळ्या राहतील. एका डोळ्याचा तुकडाही जगतो, पण त्याच्या फुलाची वाट बघता बघता तुमचं पोर कॉलेजला जाईल.

खड्डा भरताना इथंच चूक होते. भुसभुशीत मातीवर गड्डा ठेवला, वर दीड इंच माती टाकली, पाणी घातलं, आणि माती बसली की गड्डा तीन इंचांवर. म्हणून खालची माती आधी पायानं दाबून घ्या, खड्ड्यावर आडवी काठी ठेवा आणि काठीपासून डोळ्यापर्यंतचं अंतर पेरानं मोजा. पहिल्या हिवाळ्यात वर थोडा पालापाचोळा चालतो, कारण जमीन गोठते-वितळते तेव्हा नवं रोप वर उचललं जाऊ शकतं. मार्चअखेर तो काढायचा. लक्षात राहत नाही? फोनवर गजर लावा, मी लावते.

यानंतर धीर. पहिल्या जूनला बहुधा काही नाही, दुसऱ्याला दोन-चार, तिसऱ्या-चौथ्याला खरी बहार. 'या जागी नाही आली, त्या जागी लावून बघू' असं दर दोन वर्षांनी झाड फिरवणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्याकडे पिओनी कधीच फुलणार नाही.

खोली बरोबर आहे आणि तरी कळी नाही, तर वर बघा. सहा तास उघडं ऊन लागतं. दहा वर्षांपूर्वी होतं, आता आहे का? मेपल हळूहळू पसरतो, त्यामुळे सावली आली हे घरच्या माणसाच्या लक्षातच येत नाही. मे महिन्यातल्या एका रविवारी दर तासाला बाहेर डोकावून ऊन कुठंय ते लिहून ठेवा.

नंतर लॉनचं खत. लॉनवर जे दाणे फेकतात त्यात नत्र भरपूर असतं, आणि कडेला असलेल्या पिओनीला ते फुकट मिळतं. नत्र म्हणजे पानं. पिओनीला फार भूक नसते. द्यायचंच झालं तर फुलं संपल्यावर, पाच-दहा-दहासारखं, पहिला, नत्राचा आकडा लहान असलेलं, मूठभर, बुंध्यापासून वीतभर लांब.

आणि जुलैत झुडूप छाटणारे. फुलं गेली, पानांवर भुरी आली, बरं दिसत नाही म्हणून कापून टाकतात. पुढच्या वर्षीची कळी त्याच काळात जमिनीखालच्या डोळ्यात तयार होत असते आणि तिला शिदोरी पानांकडूनच मिळते. भुरी दिसायला वाईट, पण द्राक्षाला करते तेवढा घात ती इथं करत नाही. पानं कडाक्याच्या थंडीनं पिवळी पडेपर्यंत राहू द्या.

वाटाण्याएवढी होऊन वाळते

इथं तीन संशयित, आणि ते ओळखता येतात.

एकाच रात्रीत, जवळपास सगळ्या कळ्या, एकाच आकाराच्या असताना मेल्या आणि पानं मात्र ठीक आहेत, तर फ्रॉस्ट, म्हणजे दव गोठवणारी थंडी. इथं मेच्या मध्यापर्यंत एखादी रात्र दगा देते. कोंब थंडी सोसतात, कोवळी कळी सोसत नाही. हवामानाच्या अ‍ॅपवर शून्याच्या आसपास दिसलं की संध्याकाळी जुनी सुती चादर टाका, सकाळी ऊन आल्यावर काढा. प्लॅस्टिक नको, ते जिथं टेकतं तिथं थंडी पोचवतं.

काही कळ्या मेल्या, काही जगल्या; मेलेल्या कळीखालचा देठही तपकिरी-काळा; ओल्या हवेत त्यावर करडी लव; मध्येच एखादा आख्खा कोंब बुडाशी काळा पडून माना टाकतो: ही करडी बुरशी, बोट्रायटिस. पिओनीचा हा जुना वैरी. गार, ओला वसंत तिला मानवतो, आणि ती पडलेल्या पानांत, कापलेल्या खुंटात हिवाळा काढते. त्यामुळे उपाय फवाऱ्यापेक्षा झाडूचा आहे. दिसलेला भाग कोरड्या दिवशी निरोगी देठापर्यंत कापा, कात्री स्पिरिटनं पुसा. शरदात सगळे दांडे जमिनीसरसे कापा, पान न् पान वेचा आणि कचऱ्याच्या पिशवीत भरा. कंपोस्टमध्ये नाही! मी दोन वर्षं कंपोस्टमध्ये टाकलं आणि तेच कंपोस्ट परत बुंध्याशी घातलं. म्हणजे बुरशीला हिवाळी वसतिगृह चालवलं. झुडपांत तीन फूट अंतर ठेवा, पाणी पानांवर नको, मुळाशी. तरीही दरवर्षी येत असेल तर कोंब वर येताना तांबेयुक्त बुरशीनाशक. कोकणातल्या सुपारीवाल्यांना आणि नाशिकच्या द्राक्षवाल्यांना बोर्डो मिश्रण सांगायला नको, त्याच घराण्यातलं.

तिसरा संशयित तहान. कळी वाळलेली, कुरकुरीत, लव नाही, देठ हिरवा. 'पण पाऊस तर पडत होता!' माझंही तेच म्हणणं होतं. भिंतीलगतची माती छपराच्या पन्हाळीखाली होती, पाऊस तिथवर पोचतच नव्हता. एप्रिल-मेमध्ये आठवड्याला इंचभर पाणी मिळतंय का ते बघायला झुडपाशेजारी रिकामा डबा ठेवा. माझ्या डब्यात तीन पावसांनंतर जेमतेम बूड ओलं झालं होतं.

लिंबाएवढी होऊन थिजते

हे दुखणं बहुधा गच्च पाकळ्यांच्या, उशिरा फुलणाऱ्या जातींचं. कळी फुगते, रंग दिसतो, मग चार दिवस पाऊस. बाहेरच्या पाकळ्या भिजून एकमेकींना चिकटतात, वाळून कागदासारख्या होतात आणि आतलं फूल मुठीत धरल्यासारखं अडकतं. वेळेवर लक्षात आलं तर ती बाहेरची वाळकी पाकळी नखानं हळूच सोलून काढा. पुष्कळदा फूल उघडतं. अचानक तीस अंशांचं ऊन आलं तरी असंच होतं, आणि त्याला इलाज नाही. म्हणून उष्ण भागात राहणाऱ्यांनी लवकर फुलणारी, कमी पाकळ्यांची जात घ्यावी. 'कोरल चार्म' ही मला सगळ्यात भरवशाची वाटते. पोवळ्याच्या रंगानं सुरू होते आणि चार-पाच दिवसांत पिकत पिकत साईच्या रंगावर येते. 'सारा बर्नहार्ट' सगळ्यांनाच हवी असते, १९०६ पासून लोक तिच्या प्रेमात आहेत. पण डोकं जड, उशिरा येणार आणि पावसात रुसणार. ज्याला सोसेल त्यानं लावावी.

कळी उघडली पण पाकळ्यांच्या कडा तपकिरी, जळल्यासारख्या. तर फुलकिडे असू शकतात. एक कळी पांढऱ्या कागदावर फोडून झटका. बारीक काड्यांसारखं काही चालताना दिसलं तर तेच. तशा कळ्या तोडून पिशवीत बंद करा.

मुंग्यांचं

कळ्यांवर मुंग्या दिसल्या की आपला हात हळदीच्या डब्याकडे जातो. माझ्या आईचा गेला होता. थांबा. कळीच्या हिरव्या दलांवर गोड रस पाझरतो, मुंग्या तो चाटायला येतात आणि जातात. फुलाला अपाय नाही. 'मुंग्या आल्याशिवाय पिओनी उमलत नाही' हे इथले लोक छातीठोकपणे सांगतात, तेही खरं नाही. मुंग्या नसल्या तरी ती उमलते. फूल घरात आणण्याआधी उलटं धरून झटकलं की झालं.

तुमची पिओनी नक्की कुठली?

न्यू जर्सीतल्या एका मैत्रिणीनं माझं ऐकून दर ऑक्टोबरला दांडे जमिनीसरसे कापले, पानं वेचली, सगळं नियमानं. चार वर्षं फूल नाही. फोटो मागवला तर बुंध्याशी काष्ठ! ती ट्री पिओनी होती. तिच्या फांद्या लाकडी असतात, हिवाळ्यात उभ्या राहतात आणि फूल त्यांच्यावरच्या डोळ्यांतूनच येतं. दरवर्षी फुलंच छाटली जात होती. चूक माझी, आधी विचारायला हवं होतं.

ट्री पिओनीला पेराचा नियमही लागू नाही. ती बहुधा साध्या पिओनीच्या मुळावर कलम करून विकतात, आणि कलमाचा सांधा चार-सहा इंच खोल गाडायचा असतो, म्हणजे वरच्या भागाला स्वतःच्या मुळ्या फुटतात. उथळ लावली तर कधी कधी खालचं मूळच डोकं वर काढतं आणि महागडी पिवळी पिओनी तीन वर्षांनी साधी गुलाबी निघते. चीनमध्ये लोयांगला एप्रिलात जिच्यासाठी जत्रा भरते ती मुदान ही हीच.

या दोघींमधली तिसरी म्हणजे इतोह. जपानच्या तोइची इतोह यांनी १९४८ मध्ये साधी आणि ट्री पिओनी यांचा संकर साधला. त्याआधी हजारो प्रयत्न फुकट गेले होते. पण १९५६ मध्ये ते वारले, आणि ती रोपं फुलली त्यानंतर. फुलांची वाट बघून कंटाळलेल्यांना मी ही गोष्ट सांगते. कुणाला बरं वाटतं की नाही, माहीत नाही. इतोहचे दांडे शरदात कापायचे, पण चार-सहा इंच खुंट ठेवून, कारण काही डोळे त्या खुंटावरच असतात. पिवळी 'बार्टझेला' घरी असेल तर ती याच जातकुळीची.

फुलली, पण चिखलात लोळते

जड डोक्याच्या जाती एका सरीत आडव्या होतात. तारेचं गोल कडं एप्रिलमध्येच, कोंब वीतभर असताना ठेवा. मेमध्ये पानं फुटल्यावर कडं घालणं म्हणजे चिडलेल्या मुलाला स्वेटर घालणं. आणि पाऊस यायच्या आदल्या दिवशी कात्री घेऊन बाहेर पडा.

कापायची वेळ बोटाला कळते. कळीला रंग आलाय, पण उघडलेली नाही. दाबून बघितली तर कच्च्या पेरूसारखी टणक न लागता ताज्या पेढ्यासारखी दबते. तेव्हा कापा. दांड्यावर खाली निदान दोन-तीन पानं झाडाला राहू द्या, आणि एका झुडपावरच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त फुलं नेऊ नका. लावल्यापासून पहिली दोन वर्षं तर एकही नाही. कापलेल्या कळ्या पानं काढून, कोरड्याच, वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये आडव्या ठेवा. दोन-तीन आठवडे सहज टिकतात. शेजारी सफरचंद नको, त्याच्या वायूनं कळ्या बिघडतात. हव्या त्या दिवशी दांडा इंचभर कापून कोमट पाण्यात ठेवला की दिवसभरात फूल वीतभर पसरतं. गणपतीपर्यंत मात्र पोचत नाहीत, करून बघितलंय.

एक जमेची बाजू राहिली. आमच्याकडे हरणं ट्युलिप आणि होस्टा मुळासकट फस्त करतात, पण पिओनीला सहसा तोंड लावत नाहीत.

पुणे, नाशिक, कोल्हापूर

ऑनलाइन 'पिओनीचे कंद' आणि 'पिओनी बिया' विकायला असतात, निळ्या फुलांच्या फोटोसकट. निळी पिओनी जगात नाही, त्यामुळे तो फोटो दिसला की पान बंद करा. बियांचं म्हणाल तर अस्सल बी असलं तरी उगवायलाच दोन हिवाळे लागू शकतात आणि फुलायला पुढं चार-पाच वर्षं.

कंद खरा निघाला तरी अडचण हवेची आहे. डोळ्यातली कळी जागी व्हायला साधारण चार अंश सेल्सिअसखाली पाचशे ते हजार तास थंडी लागते असं धरतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, पण त्या चार-दोन पहाटेच्या. कुंडी फ्रिजमध्ये ठेवून बघणारेही आहेत. थंडीचा हिशेब जमवला तरी पुढचा एप्रिल-मे आहेच. तुमच्या जागी मी असते तर पैसे दुसऱ्या झाडावर घातले असते.

पिओनी भारतात नाही असं मात्र नाही. काश्मीरपासून उत्तराखंड, नेपाळपर्यंत हिमालयाच्या जंगलात पांढऱ्या, एकेरी पाकळ्यांची जंगली पिओनी वाढते. काश्मिरात तिला मामेख म्हणतात. तिचं मूळ युनानी औषधांत 'ऊद सलीब' या नावानं येतं. वसंतात तिकडं फिरायला गेलात तर बघा, आणि खणून आणू नका, सांगितलेलं बरं.

माझं तिसरं झुडूप

तिघांपैकी तिसऱ्याचे डोळे वरची माती काढूनही तीन इंचांवरच राहिले. ते गेल्याच्या गेल्या वर्षी, दसऱ्याच्या आठवड्यात उपटलं, चार तुकडे केले. एक आजींना दिला, दोन मैत्रिणींना, एक परत लावला, आडवी काठी ठेवून, पेरानं मोजून, पन्हाळीपासून लांब. पहिल्या जूनला नुसती पानं आली. यंदा चार कळ्या धरल्या. मेमध्ये एका रात्री चादर टाकायला विसरले आणि त्यातली एक गेली. आई सांगलीहून रोज सकाळी विचारते, उरलेल्या तीन आहेत ना? आहेत. आज त्यातली मधली पेढ्यासारखी लागली. पण कापायची नाही, हे दुसरंच वर्ष आहे.